हरिकेन आलं तर घरात थांबायचं का निघायचं? (ह्यूस्टन, आईबाबा सोबत)

सांगलीची_लेक
४ मे २०२५, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी, दोन वर्षं नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. आधी कुणी काढला असेल तर लिंक द्या.

आम्ही गेल्या ऑक्टोबरात न्यू जर्सीहून केटीला (ह्यूस्टनचं उपनगर) आलो. नवऱ्याचा जॉब ह्यूस्टनला, घरं जर्सीच्या मानाने स्वस्त, म्हणून भाड्याच्या भानगडीत न पडता सरळ घरच घेतलं. बैठं घर आहे, मागे अंगण, त्यात आधीच्या मालकांनी लावलेला कढीपत्ता (तेवढ्यासाठीच मी हो म्हटलं असं नवरा सगळ्यांना सांगत सुटतो). आणि आता जूनच्या मध्याला माझे आईबाबा येतायत सहा महिन्यांसाठी. तिकिटं काढताना थंडी चुकवायची एवढंच डोक्यात होतं, परवा ऑफिसात कुणीतरी म्हणालं की अगं १ जून ते ३० नोव्हेंबर, तू तर त्यांना अख्ख्या हरिकेन सीझनचं आमंत्रण दिलंयस.

तेव्हापासून डोक्याला घोर लागलाय. आईला इन्सुलिन चालू आहे आणि गुडघे बोलतात. बाबा ७१ चे, त्यांना सांगितलं तर म्हणाले २०१९ ला आयर्विन पुलाखाली सत्तावन्न फुटांवर पाणी बघितलंय आम्ही, तुझं ते हरिकेन काय वेगळं करणार. (तेव्हा आमच्या सांगलीच्या घरात तळमजला पूर्ण पाण्यात होता, हे दोघं वरच्या मजल्यावर चार दिवस शेंगदाणे आणि चुरमुरे खाऊन राहिले, मग बोटीने निघाले. त्यामुळे त्यांचा आत्मविश्वास जरा जास्तच आहे.)

इकडे शेजारचा म्हणतो कॅटेगरी तीनच्या खाली असेल तर आम्ही गॅरेज उघडून खुर्च्या टाकून बसतो. इन्शुरन्सचा एजंट म्हणाला तुमचा झोन एक्स (म्हणजे पुराचा धोका कमी), फ्लडचा इन्शुरन्स कशाला हवाय. नवऱ्याला कधीपासून जनरेटर घ्यायचाच होता, त्याला आता कारण मिळालं. कलीगने चाळीस वस्तूंची यादी पाठवलीय. मला यादी नकोय हो, याद्या ढिगाने आहेत. ज्यांनी घरात बसून हे काढलंय त्यांनी सांगा की नेमकं काय काय होतं, वारा सुटल्यावर, पाणी आल्यावर, आणि सगळं गेल्यावर. आणि आईबाबांना घेऊन कुठे निघून जायचं का, गेलो तर कधी?


बायूकाठचा
४ मे २०२५, रात्री ११:५५

ताई, मीही केटीतच, बार्कर रिझर्व्हायरच्या मागच्या अंगाला. २०१७ चं हार्वी हरिकेन याच घरात काढलं, म्हणजे अर्धं घरात आणि अर्धं मित्राच्या सोफ्यावर.

आधी ते शेजाऱ्याचं कॅटेगरीचं गणित डोक्यातून काढा. कॅटेगरी फक्त वाऱ्याची असते, पाण्याचं त्यात काहीच नसतं. हार्वी २५ ऑगस्टच्या रात्री रॉकपोर्टला धडकलं तेव्हा कॅट फोर होतं, ताशी १३० मैल वारा, पण रॉकपोर्ट इथून तीनशे किलोमीटरच्या आसपास. आमच्यापर्यंत येईतो ते हरिकेन राहिलंच नव्हतं, नुसतं ट्रॉपिकल स्टॉर्म. आमची एक फांदी मोडली नाही. शनिवारी संध्याकाळी बायकोने कांदाभजी केली, पाऊस छान लागला होता, मी फोटो काढून पुण्याला पाठवला. आणि मग ते वादळ पुढे सरकेचना. रविवार, सोमवार, मंगळवार, वरून नळ सोडल्यासारखं नुसतं धोधो. पुण्यात वर्षभरात पडतो त्याच्यापेक्षा जास्त चार दिवसांत पडला, आणि पूर्वेला नेदरलंड म्हणून गाव आहे तिथे तर ६०.५८ इंच मोजला. रात्री दर अर्ध्या तासाने फोन किंचाळायचा, टोर्नेडो वॉर्निंग, की पोराला उचलायचं आणि जिन्याखालच्या कपाटात जाऊन बसायचं. तिसऱ्या वेळेपासून पोरगं झोपेतच स्वतः चालत जायला लागलं.

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडे जॉर्ज बुश पार्क आहे ना, सायकलचे रस्ते, हरणं, गवत, ते पार्क म्हणजे बार्कर रिझर्व्हायरच आहे. ॲडिक्स आणि बार्कर ही दोन धरणं १९४० च्या दशकात ह्यूस्टन डाउनटाउन वाचवायला बांधली, एरवी कोरडी ठणठणीत असतात, त्यामुळे आपण धरणाच्या पोटात राहतोय हे लोकांना माहीतच नसतं. मराठीत याला सरळ शब्द आहे, बुडीत क्षेत्र. उजनीच्या बुडीत क्षेत्रात कुणी तीन बेडरूमचं घर घेईल का? आम्ही घेतलं, वर ग्रॅनाइटचा ओटा बघून खूश झालो. काही प्लॅटच्या (म्हणजे वसाहतीतल्या प्लॉटच्या) नकाशांवर बारीक अक्षरात तसं लिहिलेलंही होतं म्हणे, कोण वाचतंय. २०१९ पासून टेक्सासमध्ये घर विकणाऱ्याला डिस्क्लोजरच्या फॉर्मवर लिहून द्यावं लागतं की घरात आधी पाणी शिरलंय का, आणि घर फ्लड पूलमध्ये, म्हणजे धरणाच्या बुडीत क्षेत्रात, येतं का. तुम्ही २०२४ ला घेतलंय म्हणजे तुमच्या कागदांत ते पान असणार. आज रात्रीच काढा.

मंगळवारी पाऊस ओसरला. सगळे हुश्श म्हणाले, एकमेकांना वाचलो रे बाबा म्हणून मेसेज गेले, आणि त्यानंतर पाणी घरात आलं. कारण धरण मागे मागे भरत आलेलं. दारातून नाही आलं, आधी कमोड गुडगुडला, मग बाथरूमचा ड्रेन, मग भिंतीच्या कडेने गालिचा काळा पडत गेला. आवाज नाही काही नाही. मला वाटायचं पूर म्हणजे लोंढा, हे म्हणजे कुणीतरी शांतपणे हौद भरत बसलंय. लाइट चालू होते, टीव्हीवर आमचाच भाग दाखवत होते. पासपोर्ट, आय-७९७ (व्हिसाचा कागद), पोराचं बर्थ सर्टिफिकेट हे सगळं बायकोने प्रेशर कुकरमध्ये घातलं आणि झाकण लावलं. हसू नका, तो कुकर बोटीतून पाण्यात पडला होता आणि आत थेंब नाही गेला. बोट कुणाची तर लुइझियानाहून आपापल्या मासेमारीच्या बोटी घेऊन लोक आले होते त्यांतल्या एकाची, नावही विचारायचं राहिलं. पाण्यावर तांबूस रंगाचे गोळे तरंगत होते, मी काठीने ढकलणार तर तो माणूस ओरडला, ते मुंग्यांचे गोळे होते, फायर ॲंट्स एकमेकींना धरून तरंगतात आणि जे लागेल त्यावर चढतात.

नवव्या दिवशी घरी गेलो. तुम्ही 'सगळं गेल्यावर' काय होतं विचारलंत, तर आधी वास. सांगलीच्या घरी आलेला असेल तोच, पण तिथे विटांची भिंत असते, धुवायची, वाळवायची, चुना मारायचा. इथे शीटरॉक, म्हणजे पुठ्ठ्यात भरलेलं प्लास्टर, ते पाणी वर ओढून घेतं आणि दोनतीन दिवसांत आतून बुरशी. जमिनीपासून चार फूट सगळ्या भिंती कापायच्या, आतला इन्सुलेशनचा कापूस ओढून काढायचा, गालिचे, कपाटं, गाद्या, सगळं बाहेर. मंडळातले पंधराएक जण दोन दिवस राबले, त्यांतले निम्मे मला नावानेही माहीत नव्हते. संध्याकाळी रस्त्यावरून चाललो तर दोन्ही बाजूंना सगळ्यांचे संसार छातीएवढ्या उंचीचे ढीग करून ठेवलेले. आमच्या ढिगात वरती देव्हारा दिसत होता (देव कुकरमध्येच होते).

फ्लड इन्शुरन्स नव्हता. मलाही एजंटने झोन एक्सच म्हटलं होतं. साध्या होम इन्शुरन्समध्ये पुराचं पाणी धरत नाहीत, छपरातून आलं तर धरतात, जमिनीवरून आलं तर नाही. फेमाने (सरकारचं आपत्ती खातं) थोडे दिले, बाकी सरकारी कर्ज, ते अजून फेडतोय. सरकारी फ्लड पॉलिसी म्हणजे एनएफआयपी, घराला अडीच लाख डॉलरपर्यंत आणि सामानाला एक लाखपर्यंत, पण घेतल्यावर तीस दिवसांनी लागू होते. वादळ टीव्हीवर दिसायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही. या दोनचार दिवसांत घ्या, आईबाबा उतरायच्या आत चालू होईल. एजंट काही म्हणू दे.


पुरणपोळी_फ्रोझन
५ मे २०२५, सकाळी ७:१५

बायूकाठच्या दादा, कुकरचं वाचून हसले आणि मग रडले.

माझं उलट, आमच्याकडे पाणी नाही, लाइट. बेरिल, गेल्या वर्षी ८ जुलै, पहाटे चारच्या सुमाराला माटागोर्डाला किनाऱ्यावर आलं, फक्त कॅट वन, ८० मैल. त्या आठवड्यात माझे सासूसासरे इथेच होते म्हणून लिहितेय, ताईंच्या कामाला येईल.

पहाटे साडेपाचला लाइट गेले. वारा तोवर भयंकर झालेला, घर कण्हतं हो अक्षरशः, लाकडाचं घर असल्यामुळे ॲटिकमधून (छपराखालच्या माळ्यातून) कुईंकुईं आवाज येतो, आणि मागच्या शेजाऱ्याचं पाइनचं झाड आमच्या कुंपणावर. सासूबाई रामरक्षा म्हणत बसल्या, सासरे खिडकीपाशी जाऊन उभे, त्यांना तिथून हलवणं हेच मोठं काम होतं. खिडकीला टेप लावू नका, त्याने काच काही वाचत नाही, उलट मोठे तुकडे पडतात. आतल्या खोलीत किंवा पॅसेजमध्ये गादी टाका आणि सगळे तिथे. दुपारी बारापर्यंत सगळं संपलं, ऊन पडलं. आम्हाला वाटलं झालं. आणि लाइट आले पुढच्या मंगळवारी संध्याकाळी. आठ दिवस. बावीस लाखांच्या वर कनेक्शन बंद होती शहरात.

जुलैतलं ह्यूस्टन एसीशिवाय काय असतं ते तुम्ही अजून बघितलं नाहीये ताई. इथली घरं उघडी ठेवण्यासाठी बांधलेलीच नाहीत, वारा आरपार जात नाही, पंखा नाही, रात्री घरात ३३-३४ डिग्री. सासूबाई म्हणाल्या आमच्या नागपूरला पंचेचाळीस असतं पण असं नाही होत, ते कोरडं असतं. माठातलं पाणी गार होईना. इन्सुलिनसाठी मी पण ती मातीच्या भांड्यात ओलं फडकं टाकून ठेवायची युक्ती केली, नागपूरला चालते, इथे हवेतच इतकं पाणी की फडकं वाळतच नाही, मग गार कसं होणार. चालू असलेली बाटली तिसेक डिग्रीपर्यंत महिनाभर चालते असं आमच्या फार्मसिस्टने सांगितलं होतं, पण घरच त्याच्या वर गेलं. शेवटी चांगल्या कूलरमध्ये बर्फ, मध्ये टॉवेल, मग इन्सुलिन (बर्फाला थेट टेकवायचं नाही, गोठलं की वाया). आणि बर्फासाठी रोज चाळीस मैल. तुमच्या आईंच्या डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेवा आणि एक महिन्याचं जास्तीचं भारतातूनच आणायला सांगा.

फ्रीज न उघडता चार तास, फ्रीझर गच्च भरलेला असेल तर दोन दिवस. माझ्या फ्रीझरमध्ये चाळीस पुरणपोळ्या होत्या सासूबाईंनी केलेल्या. तिसऱ्या दिवशी सगळ्या गल्लीला बोलावलं आणि ग्रिलवर भाजून तूप घालून वाटल्या. समोरचे मेक्सिकन आजोबा चार खाऊन गेले, अजून भेटले की विचारतात. आयडीचं नाव त्यावरूनच.

कुठल्या भागात लाइट आहे ते कळायला मार्ग नव्हता, वीज कंपनीचा नकाशाच बंद होता. मग कुणीतरी शोधून काढलं की व्हॉटाबर्गरच्या ॲपवर दुकानांचा नकाशा असतो, केशरी ठिपका म्हणजे दुकान उघडं म्हणजे तिथे वीज, करडा म्हणजे नाही. पूर्ण शहर बर्गरच्या ॲपवर लाइट शोधत होतं! आम्ही शाकाहारी माणसं, ते ॲप अजून फोनवर आहे.

चौथ्या दिवशी सासऱ्यांना चक्कर आली, जेवण जाईना, तेव्हा मी म्हटलं बास, आणि डॅलसला नणंदेकडे नेऊन सोडलं. हे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं. आपण 'उद्या येतील लाइट' म्हणत एकेक दिवस ढकलतो. म्हातारी माणसं बोलत नाहीत हो, मी बरा आहे म्हणतात.

जनरेटर घ्या पण नवऱ्याला नीट समजावा. गॅरेजमध्ये लावायचा नाही, दार उघडं ठेवूनसुद्धा नाही, घरापासून वीस फूट लांब आणि खिडकीकडे धूर येणार नाही असा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपतो तो झोपतोच, दर वादळानंतर अशी माणसं जातात. छोट्या जनरेटरवर फ्रीज, दोन पंखे, फोन एवढं चालतं, सेंट्रल एसी नाही. एक छोटा खिडकीचा एसी मिळाला तर एका खोलीपुरता घेऊन ठेवा, सगळे त्या एका खोलीत. आणि पेट्रोल आधी भरून ठेवा कारण पंपालाही वीज लागते, हे मला त्या दिवशी पंपावर उभं राहिल्यावर सुचलं.


गॅरेजमध्ये_खुर्ची
५ मे २०२५, सकाळी ९:०२

उगाच घाबरवताय पोरीला. २१ वर्षं झाली ह्यूस्टनला, आयकसुद्धा (२००८) घरातच काढलं. दहावीस वर्षांत एकदा होतं. पाणी, बॅटऱ्या, मॅगी, पत्त्यांचा कॅट. झालं.


पुरणपोळी_फ्रोझन
५ मे २०२५, सकाळी ९:२०

काका, २०२४ मध्येच मे महिन्यात ते वादळी वारं आलं आणि जुलैत बेरिल, दोन महिन्यांत दोनदा लाइट गेले. दहावीस वर्षं कसली.


गॅरेजमध्ये_खुर्ची
५ मे २०२५, सकाळी ९:३१

बरं, ते खरं. पण निघून जायच्या बाबतीत माझं ऐका, तो अनुभव माझ्याइतका इथे कुणाला नसेल.

२००५, रीटा. कट्रिनाला जेमतेम तीन आठवडे झाले होते, टीव्हीवर न्यू ऑर्लिन्स बघून सगळे हादरलेले. पंचवीसेक लाख माणसं एकदम रस्त्यावर. डॅलस एरवी चार तास, आम्हाला बावीस लागले. सप्टेंबरातलं ऊन, पेट्रोल वाचवायला एसी बंद, मुलगी आठ महिन्यांची. बाया रस्त्याच्या कडेला चादर धरून आडोसा करत होत्या. डॅलसजवळ वृद्धाश्रमातल्या लोकांची बस पेटली, तेवीस गेले. आणि वादळ शेवटी पूर्वेला वळलं, आमच्या घरावर थेंब पडला नव्हता. वादळापेक्षा त्या पळापळीत जास्त माणसं मेली. म्हणूनच हार्वीला शहराने निघा असं सांगितलं नाही.

तर आधी हे बघा की तुम्ही निघायच्या लोकांत आहात का. इथे झिप कोडप्रमाणे झोन आहेत, कोस्टल, ए, बी, सी, सगळे गॅल्व्हस्टनच्या बाजूचे, ज्यांच्यावर समुद्र येतो ते. केटी त्यात येत नाही. तुम्ही उगाच हायवेवर आलात तर ज्यांना खरंच निघायचंय त्यांची वाट अडवता. आईबाबांना हलवायचं तर वादळ मेक्सिकोच्या आखातात शिरायच्या आधी, तीनचार दिवस आधी, विमानाने सुद्धा, 'चला जरा ऑस्टिनला फिरून येऊ' म्हणून. नाहीतर मग वादळ गेल्यावर. ऐन वेळी नाही. ऐन वेळी रस्त्यावर असण्यापेक्षा आपल्या बाथरूममध्ये असलेलं बरं.

मॅगी मात्र खरंच घेऊन ठेवा.


टँपाचा_तात्या
५ मे २०२५, दुपारी १:१०

फ्लोरिडाहून हजेरी. आमच्याकडे नेमकं उलटं आहे, आम्ही खाडीवर, झोन ए, सांगितलं की निघायचंच. वाऱ्यापासून घरात लपता येतं, पाण्यापासून नाही, हे इथल्या पोरासोरांना पाठ असतं.

पण कुठे निघायचं याची गंमत सांगतो. २०२२ ला इयन टँपावर येणार असा अंदाज, वादळ कुठे जाऊ शकतं ते दाखवणारा तो नकाशावरचा पांढरा कोन बरोबर आमच्या डोक्यावर. आमचे एक स्नेही शहाणपणाने दक्षिणेला फोर्ट मायर्सला बहिणीकडे जाऊन बसले. इयन वळलं आणि २८ सप्टेंबरला तिकडेच गेलं, कॅट फोर, १५० मैल. आमच्या खाडीतलं तर पाणीच आटलं, वारा उलटा होता, लोक चिखलात चालत फोटो काढत होते, आणि तिकडे स्नेही दुसऱ्या मजल्यावर. त्या कोनाची मधली रेघ बघायची नसते, पूर्ण कोन बघायचा, आणि कोनाच्या बाहेर पण पाऊस पडतो.

गेल्या वर्षी तर हेलीन २६ सप्टेंबरला, ते शंभर मैलांहून लांबून गेलं तरी खाडीचं पाणी आमच्या गल्लीत कमरेएवढं. गाद्या, सोफे, शीटरॉक सगळं बाहेर काढून ढीग लावले, उचलायला गाडी यायच्या आत ९ ऑक्टोबरला मिल्टन. टीव्हीवर सांगत होते की ते ढीग वाऱ्यात उडून घरांवर येतील. स्वतःचाच सोफा स्वतःच्या खिडकीतून परत येतो का काय अशी वेळ. आम्ही जॉर्जियाला होतो, हॉटेलच्या खोलीत सहा माणसं आणि शेजाऱ्यांचा कुत्रा.

एक कामाचं: वादळाआधी घरभर फिरून व्हिडिओ करा, कपाटं उघडून, टीव्ही-फ्रीजचे नंबर बोलून, आणि तो क्लाउडवर टाका. नंतर फेकायच्या आधी परत फोटो, आणि गालिच्याचा एक तुकडा कापून ठेवा ॲडजस्टरला (नुकसान बघायला येणारा इन्शुरन्सचा माणूस) दाखवायला. आणि पॉलिसीत हरिकेनचा डिडक्टिबल वेगळा असतो का बघा, तो आकड्यात नाही, टक्क्यांत असतो. चार लाखांच्या घराला दोन टक्के म्हणजे पहिले आठ हजार तुमच्या खिशातून. मला हे क्लेम करताना कळलं.

अजून एक. छप्पर उडालं की दुसऱ्या दिवशी दारात ट्रक घेऊन माणसं येतात, इथे सही करा, सगळं आम्ही बघतो. सही करू नका. आमच्या हिने केली, तो विषय घरात अजून काढता येत नाही.


दिवेआगर_वाडीवाला
५ मे २०२५, रात्री ११:४५ (भारतीय वेळ)

मी अमेरिका बघितली नाही, पण वादळ बघितलंय. निसर्ग, ३ जून २०२०. आमच्याच किनाऱ्यावर चढलं ते, दुपारी. ताशी शंभर-एकशेवीस किलोमीटर वारा, तुमच्या मापात कॅट वन पण धड नसेल. तुमच्याकडे आधी कळतं, आम्हाला पण कळलं होतं, पण आमच्या बाजूला जूनमध्ये असं काही येतं हे कुणाच्या आजोबांनी पण बघितलेलं नाही, त्यामुळे तयारी काय करायची ते माहीत नाही.

घर माझ्या पणजोबांचं, मातीच्या भिंती, कौलारू. आधी एका बाजूने वारा, कौलं पत्त्यांसारखी उडाली. मग जरा थांबलं, काका म्हणाले गेलं, बाहेर पडणार तेवढ्यात उलट्या बाजूने सुरू, आणि जे आधी वाकलं होतं ते सगळं आता मोडलं. आम्ही नऊ माणसं आणि एक गाय माजघरात, तेवढंच एक शाबूत होतं. आवाज वाऱ्याचा नव्हता लक्षात राहिला, पोफळींचा राहिला. पोफळ मोडते तेव्हा बंदुकीसारखा ठो आवाज येतो, आणि आमच्या वाडीत साडेतीनशे होत्या. तीन तास ठो ठो ठो. संध्याकाळी बाहेर आलो तर घरातून समुद्र दिसत होता. जन्मात कधी दिसला नव्हता, मध्ये वाडी होती ना.

तुम्हा लोकांना आठ दिवस लाइट नव्हते, आम्हाला एक महिना आणि वर काही दिवस. टॉवर पडलेले, मोबाइल बंद. मुंबईत भावाला तीन दिवस कळलं नाही आम्ही आहोत का नाही. त्यात लॉकडाउन, तो येऊ पण शकत नव्हता. विहिरीला पाणी पण पंप चालत नाही, रहाट कधीच काढून टाकलेला, मग दोरी आणि कळशी. आणि लगेच पाऊस सुरू, छप्पर नाही, ताडपत्रीला कुणी काय भाव लावला ते बोलत नाही. ओल्या लाकडावर चूल पेटत नाही, आई रोज सकाळी त्या धुरात तासभर.

सुपारीचं झाड लावलं की सातआठ वर्षांनी धरतं. आत्ता पाच झालीत. मी वाडीत अननस आणि मिरी घेतोय मधल्या मधे.

ताई, तुमच्या बाबांना पूर माहीत आहे, पण पुरात पाणी दिसतं, चढतं, माणूस वरच्या मजल्यावर जातो. वाऱ्यात वर जायचं नसतं, खाली आणि मध्ये जायचं असतं. तेवढं त्यांना सांगा, बाकी ते सांभाळून घेतील.


बायूकाठचा
५ मे २०२५, दुपारी २:३०

वाडीवाले दादा, बंदुकीचं वाचून अंगावर काटा आला.

ते वर-खाली महत्त्वाचं आहे, आणि इथे उलटंही होतं म्हणून जोडतो. पाणी चढलं म्हणून लोक ॲटिकमध्ये जातात, तिथून बाहेर पडायला वाट नसते. बैठं घर असेल तर ॲटिक हा उपाय धरू नका, आधीच दोन मजली शेजारी पाहून ठेवा. ओळख करून घ्या, पुरणपोळ्या द्या.

आणि ताई, बाबांना आयर्विन पुलाची सवय आहे ना? हॅरिस काउंटीची फ्लड वॉर्निंगची साइट आहे, प्रत्येक बायूवर, क्रीकवर (म्हणजे इथले ओढे) मोजमापं लावलीत, कुठल्या पुलाला किती फुटांवर पाणी, कुठे काठ ओलांडणार, पाऊस किती पडला, सगळं लाइव्ह. मी ती साइट हार्वीच्या नंतर बघायला शिकलो.


सांगलीची_लेक
१० मे २०२५, रात्री ११:२०

सगळ्यांचे खूप खूप आभार, काय लिहू कळंना. वाडीवाले दादा, तुमचं बाबांना फोनवर वाचून दाखवलं, ते बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले पोफळी परत लावल्या का विचार.

अपडेट असं की डिस्क्लोजरचं पान काढलं. फ्लड पूलमध्ये नाही, पण 'आधी पाणी शिरलंय का' या रकान्यात 'गॅरेजमध्ये, २०१७' असं लिहिलेलं सापडलं आणि त्याखाली आम्हा दोघांच्या सह्या आहेत. कढीपत्त्याकडे बघत सही केली असणार. एजंटला फोन केला, तो परत झोन एक्स म्हणायला लागला, मी म्हटलं पॉलिसी काढा. काढली. जनरेटरचं नवऱ्याने वीस फूट टेपने मोजून अंगणात खडूने खूण केलीय. आईच्या डॉक्टरांशी बोलून झालं. शेजारचे दोन मजलीवाले उद्या जेवायला येतायत, पुरणपोळी नाही जमणार, भरली वांगी करते.

खुर्चीवाले काका, तुमचं पण पटलं, ऐन वेळी रस्त्यावर नाही. डॅलसला मामेभाऊ आहे, त्याला सांगून ठेवलंय की जूनपासून त्याची एक खोली आमची.

आणि ती साइट बाबांना पाठवून मी फार मोठी चूक केलीय. मंगळवारी पाठवली. त्यांनी आमच्या घराजवळच्या पुलाची इशारा पातळी कुठली, धोका पातळी कुठली ते सगळं वहीत उतरवून घेतलं, अजून विमानात बसले पण नाहीत. आता त्यांची सकाळ म्हणजे माझी झोपायची वेळ, रोज मेसेज येतो. आत्ताच आलाय: "मेसन क्रीक, पाणी नेहमीइतकंच. झोप."